रविवारच्या उपासनेमागचा अभ्यास

ख्रिस्ती मंडळीचा पाळक किंवा धर्मगुरू बहुतेकांना दिसतो तो रविवारी सकाळी, व्यासपीठावर बोलताना, वेदीपाशी भाकर मोडताना किंवा मंडळीबरोबर गीत गाताना. परंतु त्या तास-दीड तासामागे जो चार ते दहा वर्षांचा अभ्यास उभा असतो, तो जिथे होतो त्या सेमिनरींविषयी मराठी वाचकाला फारच थोडे ठाऊक असते. सेमिनरी म्हणजे धर्मसेवेसाठी उमेदवार तयार करणारे, बहुधा निवासी असे विद्यालय. प्रस्तुत अंकाचे सूत्र ‘घडण’ हे असल्यामुळे, ख्रिस्ती उपासना चालवणारा माणूस कसा घडतो, त्याला काय शिकवले जाते आणि शिकलेल्यापैकी काय मंडळीपर्यंत पोहोचते, याचा शोध येथे घेतला आहे.

या शिक्षणाला दोन अंगे आहेत. एक ईश्वरविज्ञानाचे, म्हणजे देव, ख्रिस्त, मनुष्य, पाप, तारण आणि मंडळी यांविषयी श्रद्धेने जे मानले आहे त्याचा पद्धतशीर, चिकित्सक अभ्यास. दुसरे उपासनेचे, म्हणजे जमलेल्या माणसांना प्रार्थनेत, गायनात आणि संस्कारविधीत पुढे नेण्याच्या कौशल्याचे. पहिल्या अंगाची ग्रंथालये मोठी आहेत, परीक्षा काटेकोर आहेत आणि परंपरा दीर्घ आहे. दुसरे अंग मात्र पुष्कळदा अनुभवाने येईल असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रात ही उणीव विशेष जाणवते, कारण उच्च ईश्वरविज्ञानाचे शिक्षण येथे मुख्यतः इंग्रजीतून होते आणि गावोगावची उपासना मराठीतून होते.

पुणे, राशोल आणि बंगालमधली एक सनद

पुणे हे भारतातील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक मोठे केंद्र आहे, याची जाणीव खुद्द पुणेकरांनाही क्वचितच असते. नगर रस्त्यावर रामवाडी परिसरात पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ या कॅथॉलिक संस्था आहेत. पेपल सेमिनरी पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली होती. एतद्देशीय धर्मगुरू तयार व्हावेत हा तिचा हेतू होता आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रोटेस्टंट संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलली. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र ही मराठी मंडळ्यांशी अधिक थेट नाते असलेली संस्थाही पुण्यातच आहे. मुंबईत गोरेगावला सेंट पायस कॉलेज आहे, जिथे मुंबई धर्मप्रांताचे धर्मगुरू घडतात, आणि वसई पट्ट्यातील अनेक मराठी धर्मगुरूंचे शिक्षणही तिथेच झाले आहे.

या सर्वांहून जुनी परंपरा गोव्यातील राशोलची. सतराव्या शतकाच्या आरंभी जेझुइट संघाचे विद्यालय तिथे स्थिरावले आणि त्याच ठिकाणच्या छापखान्यातून १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण बाहेर पडले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने बायबलची कथा सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत सांगितली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय मोडली होती आणि तिच्या जागी कानाला रुचेल असे काहीच आलेले नव्हते, ही अडचण ओळखून त्याने ग्रंथ रचला. ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस लोकांच्या छंदात उतरतो तेव्हा काय घडू शकते, याचे हे मराठीतील पहिले मोठे उदाहरण होय.

प्रोटेस्टंट सेमिनरींच्या पदव्यांचा धागा मात्र बंगालमध्ये जातो. हुगळीकाठच्या सेरामपूर येथे विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये कॉलेज काढले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्यामुळे डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. बंगाल सरकारच्या १९१८ च्या कायद्याने त्या अधिकाराला आजचे स्वरूप आले आणि देशभरातील अनेक सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न झाल्या. मराठी वाचकाला कॅरी परका नाही: फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या याच माणसाने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला.

दिवसाची आणि वर्षांची आखणी

कॅथॉलिक उमेदवाराचा मार्ग लांब असतो. चर्चच्या कायद्यानुसार किमान दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाची आणि चार पूर्ण वर्षे ईश्वरविज्ञानाची. त्यांच्या आधी पूर्वतयारीचा काळ आणि मध्ये एखादे वर्ष धर्मग्रामात, शाळेत किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष कामाचे असते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा श्रद्धावंतांचा समुदाय आणि त्याचा परिसर. याजकपदाची दीक्षा वयाच्या २५ वर्षांआधी मिळत नाही, आणि तिच्या आधी किमान सहा महिने उमेदवाराने डीकन, म्हणजे सेवकपदावरचा दीक्षित म्हणून काढावे लागतात. हा सर्व काळ ब्रह्मचर्याच्या निर्णयाची कसोटी पाहणारा असतो. अर्ध्या वाटेवरून परत फिरणारे उमेदवार असतात, आणि अशा परतण्याला अपयश न मानणे हा चांगल्या सेमिनरीचा एक गुण समजला पाहिजे.

सेमिनरीतला दिवस प्रार्थनेने बांधलेला असतो. पहाटे प्रातःप्रार्थना आणि मौनचिंतन, मग मिस्सा, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारा मुख्य उपासनाविधी. त्यानंतर न्याहारी, दुपारपर्यंत तासिका, नंतर अंगमेहनत किंवा मैदानी खेळ, संध्याकाळी पुन्हा स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांची प्रार्थना, अभ्यास आणि रात्रीचे मौन. स्तोत्रसंहिता हा जुन्या करारातील १५० भक्तिगीतांचा संग्रह आहे. ती गीते काही आठवड्यांच्या चक्राने वर्षानुवर्षे तोंडी येत राहिल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात दुःखाची, संतापाची, कृतज्ञतेची एक भाषा नकळत मुरत जाते, आणि पुढे एखाद्या घरी अकाली मृत्यू झाला असता त्याला जे शब्द सुचतात ते वर्गातल्या टिपणवहीतून आलेले नसतात, या पहाटेच्या पठणातून आलेले असतात.

प्रोटेस्टंट सेमिनरीचे चित्र वेगळे असते. तिथले अनेक विद्यार्थी विवाहित असतात, आवारातील खोल्यांत त्यांचे संसार चालतात, आणि विद्यार्थ्याबरोबर त्याची पत्नी किंवा पती आणि मुलेही पाळकाच्या घरातल्या जीवनाची सवय करून घेत असतात. सेरामपूरची बी. डी. ही मुख्य पदवी जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, ख्रिस्ती धर्माचा इतिहास, अन्य धर्मांचा अभ्यास, नीतिशास्त्र आणि पाळकीय सेवा अशा शाखांतून जाते. हिब्रू किंवा ग्रीक भाषेची ओळख करून घ्यावी लागते. आणि शनिवार-रविवारी विद्यार्थ्याला शहरातल्या किंवा जवळच्या गावातल्या मंडळीत कामाला पाठवले जाते. हे शेवटचे काम पाहुण्यासारखे हजेरी लावून संपते की तिथला अनुभवी पाळक विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवतो, यावर त्या शिक्षणाचा निम्मा परिणाम अवलंबून असतो.

वचनापासून व्यासपीठापर्यंत

सेमिनरीत सर्वाधिक वेळ जातो तो अर्थनिर्णयात, म्हणजे बायबलमधील एखादा उतारा मूळ भाषेत, त्याच्या काळाच्या आणि समाजाच्या पार्श्वभूमीवर वाचून त्याचा अर्थ ठरवण्यात. त्याच्या पुढची पायरी उपदेशशास्त्राची: ठरवलेला अर्थ समोरच्या माणसांसाठी बोलता येणे. या दोन पायऱ्यांमध्ये विद्यार्थी कसा घडतो, हे एका उताऱ्यावरून नीट कळते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा दाखला आहे. कॅथॉलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते. मत्तय, मार्क आणि लूक यांना एकेक वर्ष दिलेले असते, आणि लूकच्या वर्षात हा दाखला प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चौथ्या रविवारी येतो. अर्थनिर्णयाच्या वर्गात विद्यार्थी शिकतो की, बाप जिवंत असताना वाटणी मागणे हा त्या समाजात केवढा अपमान होता, डुकरे राखण्याची वेळ येणे हे यहुदी माणसासाठी अधःपाताचे शेवटचे टोक होते, आणि प्रतिष्ठित वृद्धाने भररस्त्यात धावत सुटणे म्हणजे स्वतःचा मान मुलासाठी पायदळी तुडवणे होते. हे सर्व बरोबर आहे आणि इंग्रजी भाष्यग्रंथांत विस्ताराने मिळते.

परंतु हाच उपदेश नगर जिल्ह्यातील एखाद्या गावात द्यायचा असेल, तर काम इथून सुरू होते. वाटणीचा अपमान तिथे समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून तुटलेले भाऊ समोरच्या सतरंजीवर बसलेले असतात. शेतावरून परतलेला, घरात वाजंत्री ऐकून दाराबाहेर थांबलेला मोठा भाऊ हा बहुतेक भाष्यांत दुय्यम असतो, तर गावात आईवडिलांना सांभाळून मागे राहिलेला मुलगा तोच असल्यामुळे उपदेशाचा खरा रोख त्याच्याकडे वळवावा लागतो. आणि डुकरांचा उल्लेख आला की जबाबदारी आणखी वाढते, कारण महाराष्ट्रात डुकरे पाळण्याचा व्यवसाय काही विशिष्ट, जातीने खाली ढकललेल्या समाजांच्या माथी मारला गेला आहे. यहुदी शुद्धाशुद्धतेची कल्पना समजावताना उपदेशकाच्या तोंडून एक वाक्य जरी सैल गेले, तरी मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला शुभवर्तमानाऐवजी जुनाच अवमान येतो. भाष्यग्रंथात ही सूचना नसते. ती विद्यार्थ्याला कोणी तरी वर्गात द्यावी लागते, आणि देणाऱ्याला मराठी गाव ठाऊक असावे लागते.

उपदेशाचा सराव सहाध्यायांसमोर होतो. विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहून दहा-बारा मिनिटे बोलतो, मग वर्ग आणि शिक्षक त्याची चिकित्सा करतात: मध्यवर्ती विचार एकच होता का, वचनातून निघाला की वर चिकटवला, दृष्टांत कशासाठी आला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला का, डोळे कागदावरच होते का. चिकित्सा अनेकदा कठोर असते आणि ती उपकारक असते. तथापि जो उमेदवार चार वर्षे इंग्रजीतून उपदेश तयार करतो, तो मराठीत बोलताना इंग्रजी वाक्यरचनेचे सांगाडे घेऊन बोलू लागतो. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला शब्द कळतात पण बोलणे आपल्याशी चालले आहे असे वाटत नाही. ही उणीव बुद्धीची नसून सरावाच्या भाषेची आहे, म्हणूनच ती दूर करता येण्याजोगी आहे.

लाल अक्षरे, काळी अक्षरे

मिस्साच्या ग्रंथात दोन रंगांची छपाई असते. काळ्या अक्षरांत उच्चारायच्या प्रार्थना आणि लाल अक्षरांत करावयाच्या कृतींच्या सूचना: इथे हात पसरावेत, इथे नमन करावे, इथे मौन पाळावे. दीक्षेच्या आधीच्या महिन्यांत डीकन अर्पण न केलेल्या भाकरीवर आणि रिकाम्या पात्रावर या विधीची तालीम करतात. धूपपात्राची साखळी कोणत्या हातात किती आखूड धरावी, पात्र पुसताना कापडाची घडी कशी असावी, भाकर उंचावताना किती क्षण थांबावे, इथपर्यंत ही तालीम चालते. बाहेरच्या माणसाला हे बारकावे अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु हात कृतीला सरावले म्हणजेच मन प्रार्थनेसाठी मोकळे होते, आणि गोंधळलेला याजक संपूर्ण मंडळीचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, हे अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

या विधीची भाषा लॅटिनमधून लोकभाषांत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी मिस्सा चर्चमध्ये ऐकू येऊ लागली. १९६९ मध्ये भारतासाठी १२ बदलांना रोमची मान्यता मिळाली: गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती, जमिनीवर बसून उपासना, अशा गोष्टी त्यांत होत्या. उपासनेने स्थानिक संस्कृतीत मूळ धरण्याच्या या प्रक्रियेवर सेमिनरींत आजही वाद होतो आणि तो व्हावाच. आरती आणि समई यांना काहीजण भारतीय म्हणतात, तर दलित ख्रिस्ती विचारवंतांनी असा प्रश्न विचारला की, ज्या देवळाच्या पायरीवरही आमच्या आज्यापणज्यांना उभे राहू दिले गेले नाही, तिथली चिन्हे आमच्या वेदीवर आणताना आम्हाला कोणी विचारले होते का. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. ओवी, अभंग, पोवाडा, भारूड हेही भारतीयच आहेत आणि त्यांच्यावर कोणत्याही एका जातीचा हक्क चालत नाही, हा विचार मात्र या वादात पुरेसा पुढे आलेला दिसत नाही.

प्रोटेस्टंट बाजूला वेगळाच गुंता असतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संस्था २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरांच्या एकीकरणातून जन्माला आली. अँग्लिकनांचा छापील उपासनाक्रम, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचा उपदेशाला मध्यवर्ती मानणारा साधेपणा, बाप्टिस्टांचा प्रौढ बाप्तिस्मा, हे सर्व एका छत्राखाली आले. परिणामी तिथल्या उमेदवाराला तान्ह्या बाळाला हातावर घेऊन बाप्तिस्मा देणेही शिकावे लागते आणि श्रद्धा कबूल करणाऱ्या प्रौढाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणेही, कारण या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. दोन्हींमागचे ईश्वरविज्ञान त्याला आदराने मांडता आले पाहिजे, कारण एकाच मंडळीत दोन्ही परंपरांची घराणी शेजारी शेजारी बसतात.

पेटी, पट्टी आणि टिळकांचा वारसा

उपासना चालवण्याच्या कामात मराठी मंडळीचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे तिचे गायन. हा ठेवा मुख्यतः अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात घडला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील आख्याने कीर्तनाच्या चौकटीत बसवली: पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात योसेफासारख्या एखाद्या व्यक्तीचे आख्यान, आणि मध्ये पदे, साक्या, दिंड्या. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने नगरच्या सेमिनरीत शिकवले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली आणि १९१९ मध्ये मृत्यू होईपर्यंत इतकी भक्तिगीते लिहिली की मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील फार मोठा वाटा त्यांचा आहे. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शिक्षक, पाळक, कवी आणि गायनाचा जाणकार हे चार गुण एका माणसात एकत्र असणे हा योगायोग असेल. पण सेमिनरीच्या आवारातच गीतरचना होत होती, हा योगायोग नव्हता.

टिळकांनी अभंगाला जवळ केले त्यामागे उपासनेची नेमकी जाण होती. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. इतका आटोपशीर साचा असल्यामुळे निरक्षर बाईलाही तो दोन वेळा ऐकून पाठ होतो. पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत मराठीचे ऱ्हस्व स्वर ताणले जातात आणि दीर्घ स्वर घाईने उरकले जातात; अभंगात हा झगडा उद्भवत नाही. त्यातच पुढाऱ्याने ओळ सांगायची आणि मंडळीने ती उचलायची ही रीत वारकरी भजनाची असल्यामुळे ती कोणाला शिकवावी लागत नाही.

शिकवावे लागते ते पुढाऱ्याला. उपासनेत गीत सुरू करणे ही वरवर सोपी वाटणारी कृती आहे. पुरुष गायक सहसा काळी एक किंवा काळी दोनच्या पट्टीत गातो, बायकांचा आवाज काळी चार-पाचला खुलतो. मंडळीत दोन्ही असतात, शिवाय मुले आणि वृद्ध असतात, त्यामुळे पेटीवर बसलेल्याने असा स्वर निवडावा लागतो की अंतऱ्यात चाल वर चढली तरी कोणाचा आवाज फाटू नये आणि ध्रुपदाला परतताना कोणाचा आवाज बुडू नये. लय एक कणभर जास्त धरली तर मागच्या रांगा मागे पडतात, कमी धरली तर गीत रडत जाते. पापकबुलीच्या प्रार्थनेनंतर कोणते गीत घ्यावे, उपदेशानंतर मौन ठेवावे की गीत, प्रभुभोजनाला लोक रांगेने येत असताना गीताचे चरण संपले तर काय करावे, अंत्यविधीत घरच्या माणसांचा आवाज दाटून आला असता पुढाऱ्याने एकट्याने किती गावे, हे सर्व शिकण्याचे विषय आहेत. गोव्याच्या धर्मग्रामांच्या शाळांत शतकानुशतके मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जात असे, म्हणून तिथल्या खेड्यातल्या चर्चमध्येही शिस्तबद्ध गायकवृंद उभा राहिला. मराठी सेमिनरीतही पेटी आणि भजनी ठेका हे ग्रीक व्याकरणाइतक्याच गांभीर्याने शिकवले गेले, तर तसेच फळ येथेही मिळेल.

आज अनेक शहरी मंडळ्यांत गिटार, की-बोर्ड आणि पडद्यावर झळकणारी हिंदी-इंग्रजी गीते आली आहेत. तरुण त्यांत मनापासून भाग घेतात, त्यामुळे त्यांना नाकारणे योग्य होणार नाही. तरीही जो उमेदवार फक्त तीच गीते घेऊन गावात जातो, तो तिथल्या निम्म्या मंडळीला श्रोता करून ठेवतो. उपासनेत श्रोता नसतो. सर्व जमलेले उपासक असतात, आणि पुढाऱ्याचे काम त्यांना तोंड उघडायला लावण्याचे आहे.

सतरंजीवरची मंडळी

ईश्वरविज्ञान कोणासाठी, हा प्रश्न भारतीय सेमिनरींसमोर सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्यांत अरविंद निर्मल यांचे नाव अग्रभागी येते. दलित ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या विद्वानाने १९८० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, भारतीय ख्रिस्ती विचाराने उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या वेदान्ती चर्चेलाच आपले ईश्वरविज्ञान मानले आणि चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचा अनुभव त्यातून गळून गेला. नगर, औरंगाबाद, सोलापूर या पट्ट्यांतील मराठी मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या, हे लक्षात घेतले म्हणजे निर्मल यांचा मुद्दा किती जवळचा होता ते कळते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या लागू झाल्या. त्यामुळे जातीच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा प्रश्न घेऊन माणसे पाळकाच्या दारी येतात, आणि तेव्हा त्याच्या ईश्वरविज्ञानाची खरी परीक्षा होते.

स्त्रियांचा प्रश्नही इथेच येतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथॉलिक चर्चमध्ये ती मिळत नाही, मात्र धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्रिया ईश्वरविज्ञान शिकतात आणि शिकवतात. पंडिता रमाबाईंनी कोणत्याही सेमिनरीची पदवी नसताना हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले, आणि ते तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापले. ज्या प्रांतात हे घडले, तिथल्या सेमिनरींत मराठी मुलींची संख्या वाढावी म्हणून मंडळ्यांनी खर्चाचा भार उचलणे हे उपकार नसून कर्तव्य आहे.

दीक्षेनंतर पाळकाच्या वाट्याला बहुधा एक मंडळी येत नाही, चार-पाच गावे येतात. एका गावी सकाळची उपासना, दुसऱ्या गावी दुपारची. मध्येच निरोप येतो की कोणी वारले आहे आणि माती आजच द्यायची आहे. उपदेश तयार करायला काही तासांचा अवधी, समोर अर्धे गाव, त्यात ख्रिस्ती नसलेले सोयरेही असतात. अशा वेळी जो माणूस मृताचे नाव घेऊन, पुनरुत्थानाची आशा चार साध्या वाक्यांत सांगून, सर्वांना ठाऊक असलेले एक गीत योग्य पट्टीत उचलतो, त्याची सेमिनरी उत्तीर्ण झाली असे म्हणावे.

काय करता येईल

इंग्रजी माध्यम सोडून द्यावे असे येथे सुचवायचे नाही. जगभरच्या ईश्वरविज्ञानाशी संबंध त्याच भाषेतून राहतो आणि पुण्याच्या सेमिनरींत ईशान्येपासून केरळपर्यंतचे विद्यार्थी एकत्र शिकतात, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु मराठी मंडळीत सेवा करणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने अखेरच्या वर्षात एक संपूर्ण उपासना, प्रारंभीच्या आवाहनापासून आशीर्वादापर्यंत, मराठीतून, पेटीवरच्या गीतांसह, खऱ्या मंडळीपुढे चालवावी आणि तिला लेखी परीक्षेच्या तोडीचे गुण असावेत, ही अपेक्षा रास्त आहे. कीर्तन हा ऐच्छिक कार्यक्रम न राहता वर्षभराचा विषय व्हावा. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून आणि ‘निरोप्या’ १९०३ पासून, ही नियतकालिके मराठीत ख्रिस्ती विचार मांडत आली आहेत. त्यांच्या जुन्या अंकांतील निवडक लेख अभ्यासक्रमात लावले, तर मराठीत ईश्वरविज्ञान कसे लिहावे याचे नमुने विद्यार्थ्याच्या हाती येतील.

मंडळ्यांकडेही एक काम आहे. नगर, सोलापूर, सातारा आणि विदर्भातील अनेक गावांत टिळकांच्या आणि त्यांच्या आधीच्या कीर्तनकारांच्या चाली अजून तोंडी चालत आलेल्या आहेत. ‘उपासना संगीत’च्या पानावर शब्द आहेत, चाल नाही. त्या चाली तोंडपाठ असलेली माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. प्रत्येक मंडळीने या दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आपल्याकडच्या अशा माणसांना पेटीपुढे बसवून त्यांचे गाणे मोबाइलवर मुद्रित करावे, गाव आणि गायकाचे नाव नोंदवावे, आणि ते मुद्रण जवळच्या सेमिनरीच्या ग्रंथालयाकडे पाठवावे.